यंत्राला प्रश्न विचारणाऱ्या मुली : अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलींसाठी तंत्रशिक्षणाचा वर्ग कसा चालवावा

अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या नोकरीत स्थिरावलेल्या मराठी माणसाला शनिवारची सकाळ एखाद्या चांगल्या कामाला द्यावी असे मनापासून वाटत असते, आणि शिकवणे हे काम आपल्याला जवळचे वाटते, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरात एखादा तरी शिक्षक होऊन गेलेला असतो. मी गेली सहा वर्षे एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळमजल्यावरील खोलीत अकरा ते पंधरा वर्षे वयाच्या कृष्णवर्णीय मुलींचा संगणकवर्ग चालवते. असा वर्ग कसा उभारावा, त्यात काय शिकवावे आणि कोणत्या चुका टाळाव्यात, हे या लेखात क्रमाने सांगते. मुलींना कोड लिहिता येणे हे माझ्या दृष्टीने निम्मे काम आहे. समोरचे यंत्र कोणी बनवले, बनवताना कोणाला डोळ्यांपुढे ठेवले आणि ते बदलायचे असेल तर कोणाचे दार ठोठवायचे, हे विचारता येणे हे उरलेले निम्मे. हा दुसरा भाग पुढे कधीतरी जोडू म्हटले तर जोडला जात नाही. तो पहिल्या शनिवारपासून सोबत चालावा लागतो.

वाट नवी नाही. २०११ साली किंबर्ली ब्रायंट या विद्युत अभियंता असलेल्या बाईंनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ‘ब्लॅक गर्ल्स कोड’ ही संस्था सुरू केली, तेव्हा संगणकावरील खेळांत रमणारी त्यांची स्वतःची मुलगी त्यांच्यासमोर होती. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक किंबर्ली स्कॉट यांनी ‘कॉम्प्युगर्ल्स’ या उपक्रमात तंत्र आणि सामाजिक न्याय यांची सांगड घातली, आणि विषय निवडण्याचा अधिकार मुलींकडे दिला. आपल्या शहरात अशा एखाद्या संस्थेची शाखा असेल, तर स्वतःचा वर्ग काढण्याआधी तिथे वर्षभर मदतनीस म्हणून काम करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्गाआधी वस्ती

पहिल्या वर्षी मी तयार अभ्यासक्रम घेऊन गेले होते. त्यात पाळीव प्राण्यांच्या दुकानाचा एक खेळ बनवायचा होता. पहिल्या शनिवारी चौदा मुली आल्या, चौथ्या शनिवारी पाच उरल्या. नातीला न्यायला आलेल्या एका आजींनी मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितले, “तुम्ही फार मेहनत घेता, पण मुलींना काय हवंय ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.” त्या दिवसानंतर मी अभ्यासक्रम बाजूला ठेवला आणि पुढचे दोन महिने फक्त माणसांना भेटण्यात घालवले.

म्हणून पहिली पायरी हीच समजावी. वस्तीतील चर्च, ग्रंथालयातील बालविभागाच्या बाई, शाळेच्या समुपदेशक आणि केस विंचरण्याच्या सलूनची मालकीण या चार ठिकाणी आधी जावे. सलूनचे नाव वाचून आश्चर्य वाटेल, पण वेण्या घालायला मुली तिथे तासन्‌तास बसतात, आया आणि मावशा तिथेच बोलतात, आणि वर्गाची खबर तिथून जितकी पसरते तितकी कुठल्याही पत्रकाने पसरत नाही. वर्गाची प्रमुख वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्री असावी. आपण तंत्र शिकवणारे सहायक असावे. मुलींना समोर उभी असलेली व्यक्ती आपल्यासारखी दिसावी, आणि निर्णय बाहेरच्या माणसाने घेऊ नयेत, अशी दोन्ही कारणे यामागे आहेत.

याच पायरीवर स्वतःच्या घराकडेही पाहावे लागते. ‘रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ असे ज्या घरात सहज बोलले जाते, त्या घरातून आपण येतो. मुलींना हे शब्द कळणार नाहीत, पण त्यामागची नजर त्यांना लगेच कळते. दुसऱ्या बाजूला आपल्याकडे अभिमानाने सांगण्यासारखा एक धागाही आहे: जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांची मुक्तता करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले, आणि त्याआधी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. मी ही गोष्ट आयांच्या पहिल्या बैठकीत सांगते. आपण इथे का आलो आहोत, या प्रश्नाचे ते खरे उत्तर आहे.

परवानग्या, जागा आणि खाणे

तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय ऑनलाइन गोळा करण्यावर अमेरिकेत १९९८ च्या ‘कोपा’ कायद्याने बंधने घातली आहेत. त्यामुळे कोणत्याही संकेतस्थळावर मुलीच्या नावाने खाते उघडण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि शक्य तिथे खाते न उघडताच काम करावे. छायाचित्रांसाठी वेगळे संमतिपत्र असावे. खोलीत नेहमी किमान दोन प्रौढ असावेत, आणि सर्व मदतनिसांची पार्श्वभूमी-तपासणी झालेली असावी.

एका वर्गात बारांपेक्षा जास्त मुली घेऊ नयेत. दोघींत एक लॅपटॉप पुरतो, किंबहुना तोच चांगला, कारण एकीने टंकायचे आणि दुसरीने बोलून सांगायचे या पद्धतीत दोघीही शिकतात. दर वीस मिनिटांनी जागा बदलायला लावावी. पैसे कमी असतील तर यंत्रांवर कमी आणि खाण्यावर जास्त खर्च करावा. सकाळी दहाच्या वर्गाला उपाशी पोटी आलेली मुलगी साडेअकराला चिडचिडी होते, आणि शिकवणारा त्याला आळस समजतो. बसचे भाडे वर्गाने द्यावे. हेडफोन घेताना पट्टा पुरेसा ताणला जातो का ते पाहावे: जाड वेण्यांवर किंवा अंबाड्यावर न बसणारा हेडफोन हातात आला, की मुलीला कोणी काही न सांगताही समजते की ही वस्तू तिच्यासाठी घडवलेली नाही.

वागण्याचा एक नियम मी सर्व नव्या मदतनिसांना लिहून देते. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की प्रौढ माणसांना कृष्णवर्णीय मुली त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा मोठ्या वाटतात, आणि त्यांना आधाराची, जपणुकीची गरज कमी आहे असे गृहीत धरले जाते. म्हणून मोठ्या आवाजातील प्रश्नाला उद्धटपणा समजू नये, गप्प बसलेल्या मुलीजवळ स्वतःहून जाऊन “मदत हवी का?” असे विचारावे, आणि परवानगीशिवाय कोणाच्याही केसांना हात लावू नये.

पहिला धडा: वेणी

सुरुवात वेणीपासून करावी. डोक्यालगत घट्ट गुंफलेल्या ‘कॉर्नरो’ वेण्यांमध्ये एकच आकार पुन्हा पुन्हा येतो, प्रत्येक वेळी थोडा पुढे सरकतो, थोडा वळतो आणि थोडा लहान होतो. गणिताच्या भाषेत हेच स्थानांतर, परिभ्रमण, आकारबदल आणि पुनरावृत्ती. रॉन एग्लॅश या संशोधकाने आफ्रिकी वस्त्यांतील आणि केशरचनांतील अशा रचनांचा अभ्यास केला आणि मुलांना संगणकावर वेण्या गुंफता याव्यात यासाठी साधनेही तयार केली. ती वापरता येतात, पण मी हा धडा ‘स्क्रॅच’ या, आज्ञांचे ठोकळे एकमेकांना जोडून कोड लिहिण्याच्या मुलांसाठीच्या साधनात शून्यातून करून घेते.

प्रत्येक जोडीने एका टाक्याचे छोटे चित्र काढावे. मग ‘पेन’ विभागातील ठसा उमटवण्याचा ठोकळा, पुढे सरकण्याचा, वळण्याचा आणि आकार बदलण्याचा ठोकळा हे सर्व वीस वेळा फिरणाऱ्या आवर्तनात बसवावेत. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जोड्या प्रत्येक फेरीत आकारातून ५ वजा करतात. १०० पासून सुरू केलेली वेणी अशाने वीस फेऱ्यांत शून्यावर येते, आणि पडद्यावर ती टोकाशी अचानक झिजून गेल्यासारखी दिसते. मागच्या वर्षी बारा वर्षांची एक मुलगी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली, मग शेजारच्या मैत्रिणीच्या मानेवर झुकून तिची खरी वेणी बोटाने हवेत मोजत म्हणाली, “माझी मावशी अशी घालत नाही. ती प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा थोडं कमी घेते.” याच क्षणी वजाबाकीऐवजी गुणाकार आणावा. प्रत्येक फेरीत आकाराला ०.९५ ने गुणले, तर वीस फेऱ्यांनंतर सुमारे ३६ उरतात आणि वेणी शेवटपर्यंत वेणीच दिसते. घातांकी घट हा शब्द मी त्यानंतरच फळ्यावर लिहिते, कारण तोवर ती गोष्ट त्यांची झालेली असते.

या धड्याला दोन शनिवार द्यावेत. दुसऱ्या शनिवारी आई, मावशी किंवा सलूनमधील बाईंना बोलवावे आणि मुलींनी लिहिलेला कोड त्यांना तपासायला द्यावा.

कोणी काय बनवले

प्रत्येक वर्गात दहा मिनिटे एका स्त्रीच्या कामाला द्यावीत. ‘नासा’ या अमेरिकी अंतराळसंस्थेतील कृष्णवर्णीय गणितज्ञ कॅथरिन जॉन्सन यांचे नाव आता शाळेतही सांगितले जाते. मला त्यांच्या तिथल्याच सहकारी डोरोथी व्हॉन यांची गोष्ट अधिक उपयोगी वाटते. हाताने आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांच्या गटाचे नेतृत्व करताना विजेवर चालणारे संगणक येत आहेत हे त्यांनी ओळखले, फोरट्रान ही संगणकभाषा त्या स्वतः शिकल्या आणि सहकारी स्त्रियांनाही शिकवली.

मुलींना सर्वाधिक भावते ती मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन यांची हकिकत. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या या परिचारिकेच्या कामाच्या वेळा अनियमित होत्या, घरी अनेकदा एकटीच असायची वेळ येई, आणि बोलावल्यावर पोलिसांना यायला उशीर होई. पती अल्बर्ट यांच्यासह त्यांनी १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ते १९६९ मध्ये मिळाले: दारात वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रे, त्यांच्यावरून सरकणारा कॅमेरा, आत चित्र दाखवणारा पडदा, बोलण्याची सोय, दूरून दार उघडण्याचे बटण आणि धोक्याची घंटा. पेटंटमधील आकृती छापून मुलींसमोर ठेवावी आणि ‘चार छिद्रे का?’ एवढेच विचारावे. दाराबाहेर उंच माणूस असेल, बुटका असेल, लहान मूलही असेल, हे उत्तर त्या स्वतः शोधतात. वापरणारी वेगवेगळी माणसे डोळ्यांपुढे ठेवून घडवणे म्हणजे काय, ते त्यांना एका चित्रातून कळते.

यंत्राला कोण दिसते

हा भाग सर्वांत नाजूक आहे आणि त्याला किमान तीन शनिवार द्यावेत. चेहरा ओळखणाऱ्या संगणकप्रणाली कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत अधिक चुकतात, हे मुलींना सांगायचे आहे; पण ते सांगताना त्यांनाच कॅमेऱ्यापुढे उभे करून ‘पाहा, तुला ओळखत नाही’ असे दाखवणे क्रूरपणाचे आहे. मी क्रम उलटा करते.

गूगलचे ‘टीचेबल मशीन’ हे मोफत साधन ब्राउझरमध्ये चालते आणि आपण प्रकल्प साठवला नाही तर चित्रे त्याच संगणकावर राहतात. मुलींनी आपल्या हातांची चित्रे घेऊन त्याला दोन गोष्टी शिकवाव्यात: उघडा पंजा आणि बंद मूठ. प्रत्येकी पन्नास-साठ चित्रे पुरतात. सर्व मुलींच्या हातांवर यंत्र बिनचूक चालू लागले, की मग मदतनिसांपैकी एखाद्या गोऱ्या व्यक्तीला हात पुढे करायला सांगावे. यंत्र अनेकदा डळमळते, कधी चुकीचे उत्तर ठामपणे देते. खोलीत जो गलका होतो तो ओसरू द्यावा आणि मग विचारावे, “यात चूक हाताची आहे का?” सगळ्या एका सुरात नाही म्हणतात. कोणाची आहे, या प्रश्नावर मात्र शांतता पसरते, कारण चित्रे त्यांनीच निवडलेली असतात. कोणालाही वगळायचा त्यांचा हेतू नव्हता, तरीही कोणीतरी वगळले गेले.

प्रयोगात एक तांत्रिक काळजी घ्यावी. पंजाची सर्व चित्रे खिडकीजवळ आणि मुठीची सर्व चित्रे कपाटाजवळ घेतली, तर यंत्र हात न शिकता खिडकी आणि कपाट शिकते. एका वर्षी नेमके असेच झाले, आणि रिकाम्या खुर्चीला यंत्राने ‘मूठ’ ठरवले. असे घडले तर धडा बिघडला असे समजू नये. यंत्र काय शिकले हे शोधून काढणे हाच उत्तम धडा आहे.

पुढच्या शनिवारी आकडे आणावेत. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संगणक-संशोधक स्त्रियांनी २०१८ मध्ये तीन कंपन्यांच्या, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या प्रणाली तपासल्या. त्यासाठी आफ्रिकेतील तीन आणि युरोपातील तीन देशांच्या लोकप्रतिनिधींची १,२७० छायाचित्रे वापरली. गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत चुकांचे प्रमाण ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत ते जास्तीत जास्त ०.८ टक्के होते. टक्केवारी ऐकून मुलींच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, म्हणून मी केसांत ओवायचे मणी आणते. टेबलावर शंभर-शंभर मण्यांचे दोन ढीग करायचे आणि पहिल्यातून पस्तीस मणी मोजून बाजूला काढायचे, दुसऱ्यातून एकच. मणी काढण्याचे काम मुलींनीच करावे, मोठ्याने मोजत. पस्तीसपर्यंत मोजायला वेळ लागतो आणि तो लागला पाहिजे.

इथे थांबले तर मुली खचून घरी जातील. त्यामुळे त्याच तासात पुढची गोष्टही सांगावी: तपासलेल्या कंपन्यांनी नंतर आपल्या प्रणाली सुधारल्या, आणि पुढील फेरतपासणीत चुका बऱ्याच कमी झाल्या. चौदा वर्षांपुढील मुलींशी आणखी एक पाऊल पुढे जावे. चेहरा ओळखणारे यंत्र अधिक अचूक झाले, पण त्याचा वापर त्यांच्याच वस्तीवर पाळत ठेवायला झाला, तर ती सुधारणा म्हणायची का? डेट्रॉइटमध्ये २०२३ साली अशा प्रणालीच्या चुकीच्या जुळणीमुळे आठ महिन्यांच्या गरोदर कृष्णवर्णीय स्त्रीला अटक झाली होती. या चर्चेत शिकवणाऱ्याने आपले मत शेवटपर्यंत राखून ठेवावे. काही यंत्रे दुरुस्त करावीत आणि काही बनवूच नयेत, असे म्हणणाऱ्या मुली प्रत्येक गटात निघतात, आणि त्यांचे म्हणणे वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवावे.

वस्तीचा प्रकल्प

सहा-सात आठवड्यांनंतर मुलींनी स्वतःचा प्रश्न निवडावा. आमच्या गटाने एकदा बसथांब्यावरील ऊन निवडले. त्यामागे इतिहास आहे: १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे करून वस्त्यांना चार श्रेणी दिल्या, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा शेवटच्या, लाल रंगाच्या श्रेणीत टाकल्या. तिथे कर्ज मिळेना, गुंतवणूक होईना, झाडेही लागली नाहीत. अमेरिकेतील १०८ शहरी भागांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा लाल वस्त्यांच्या जमिनीचे तापमान इतर भागांपेक्षा सरासरी सुमारे २.६ अंश सेल्सियसने जास्त आढळले. रिचमंड विद्यापीठाने हे जुने नकाशे ऑनलाइन उपलब्ध केले आहेत. मुलींनी त्यात आपली गल्ली शोधावी.

मोजणी नीट करावी, नाहीतर समोरचा अधिकारी पहिल्याच प्रश्नात ती मोडीत काढील. मायक्रोबिट या छोट्या संगणकात तापमान कळते खरे, पण ते त्याच्या प्रक्रियकाचे असते आणि हवेपेक्षा थोडे जास्त येते. म्हणून आधी साध्या तापमापकाशेजारी ठेवून फरक लिहून घ्यावा आणि तो कोडमध्येच वजा करावा. सर्व ठिकाणी एकाच वेळी, जमिनीपासून एक मीटर उंचीवर, उपकरणावर सावली धरून, पाच मिनिटे थांबून तीन वाचने घ्यावीत आणि मधले वाचन धरावे. नोंदी तक्त्यात, तक्ता नकाशावर. नकाशात कोणाच्या घराचा पत्ता दिसता कामा नये.

मग तो नकाशा ज्यांच्या हातात बदल करणे आहे त्यांच्यासमोर न्यावा. बहुतेक शहरांच्या नगरसभेत नागरिकांना बोलण्यासाठी दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात मुलीने एक आकडा, एक चित्र आणि एक मागणी मांडावी. ‘आमच्या वस्तीकडे लक्ष द्या’ ही मागणी नव्हे. ‘या दोन थांब्यांवर छप्पर आणि या कोपऱ्यावर तीन झाडे’ ही मागणी. घड्याळ लावून किमान पाच वेळा सराव घ्यावा, आणि नकार मिळाला तर पुढचे पत्र कोणाला लिहायचे हे आधीच ठरवून जावे. आम्हाला पहिल्या वर्षी नकारच मिळाला. दुसऱ्या वर्षी एका थांब्यावर छप्पर आले. झाडांचा पाठपुरावा अजून चालू आहे, आणि तो आता मुलीच करतात.

फळ कसे मोजावे

सत्र संपल्यावर ‘वर्ग आवडला का?’ असे विचारणाऱ्या अर्जातून काहीही कळत नाही. मुली सभ्य असतात आणि हो म्हणतात. मी तीन गोष्टी पाहते. मुलगी आपला कोड धाकट्या भावंडाला समजावू शकते का, तिने एखाद्या यंत्राविषयी वर्गाबाहेर स्वतःहून प्रश्न उपस्थित केला का, आणि पुढच्या सत्राला ती मैत्रिणीला घेऊन आली का. याची नोंद एका जाड वहीत ठेवावी, नावांऐवजी खुणा वापराव्यात.

दोन सत्रे पूर्ण केलेल्या मोठ्या मुलींना सहायक शिक्षिका करावे आणि त्यांना मानधन द्यावे. त्यांच्या वयाच्या मुली सुट्टीत दुकानात काम करतात, कारण घरात त्या पैशांची गरज असते. विनामोबदला शिकवायला बोलावले तर ज्यांना परवडते त्याच येतील. मानधनासाठी ग्रंथालयाच्या निधीतून, स्थानिक प्रतिष्ठानांकडून किंवा आपल्या कंपनीच्या देणगी योजनेतून पैसे उभे करता येतात, आणि अर्ज लिहिणे हे काम आपल्यासारख्यांनी आनंदाने अंगावर घ्यावे.

यंदाच्या सत्राचा पहिला धडा सतरा वर्षांच्या दोन सहायिका घेतील. वेणीचा धडा त्यांनी बदलला आहे: आधी वजाबाकीची वेणी दाखवायची की नाही, यावर त्यांचा आठवडाभर वाद चालला आणि शेवटी नाही असे ठरले. वही, खोलीची किल्ली आणि मण्यांचा डबा मी त्यांच्याकडे दिला आहे; चार्जर मोजून परत कपाटात ठेवणे आणि फळे कापणे माझ्याकडे आहे.